वैद्यराजांचा पहिला घोट

कनकापूरचे महाराज एकदा शिंकले आणि राजवैद्य धुंडिराजांनी काढा दिला. काढ्याने पोट बिघडलं म्हणून चूर्ण, चूर्णाने झोप उडाली म्हणून गोळी. आता महाराज भर दरबारात घोरत होते.

"एखादं औषध तरी कमी करा," राणी मैनावती काकुळतीने म्हणाल्या.

"राणीसाहेब, वैद्य कोण? तुम्ही की मी?"

"तुम्हीच. पण महाराजांच्या तोंडी जाणारं सगळं आधी देणाऱ्याने चाखायचं, असा इथला रिवाज आहे. आचारी रोज चाखतो. आजपासून तुम्हीही चाखा, महाराजांएवढंच!"

भरलेले पेले पाहून धुंडिराजांना घाम फुटला. "तशी तब्येत आता ठणठणीत आहे. सगळं बंद!"

तेवढ्यात महाराज झोपेतच शिंकले.

"काढा आणू?" राणीसाहेबांनी विचारलं.

"छे, छे! साधी शिंक ती," वैद्यराज मागे सरकत ओरडले, "आपोआप जाईल!"