राणीचं रेशीम आणि उन्हाची परी

एका नगरात कुंदा नावाची चिमुकली मुलगी राहत होती. तिची आई राणीच्या शालूंसाठी रेशीम गुंडाळायची. राजवाड्याचा हुकूम होता की उन्हाने रेशमाचा रंग उडतो, सबब गुंडाळणाऱ्यांनी खिडक्या बंद ठेवाव्यात. गुंडाळणाऱ्या बायांचाच रंग उडाला तर काय करावं, याबद्दल हुकमात काही नव्हतं.

आईची हाडं आतून ठणकायची. उठताना पाय लटपटायचे. शेजारची सगुणामावशीही हेच काम करायची. ती परवा नुसती घागर उचलायला वाकली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून घरात भांडं जरी पडलं, तरी कुंदा आईकडे धावत सुटायची.

एका सकाळी ती झेंडूच्या वाफ्याशी रडत बसली होती. तेवढ्यात केशरी पाकळीवर इवलीशी परी चमचमली. हळदीसारखे पिवळे पंख, डोळ्यांत सोनेरी ठिणग्या!

“उगी गं, सोनुले. एक वर माग.”

“आईची हाडं घट्ट कर ना!”

“हाडं वराने भरत नाहीत, बाळा. त्यांना नाचणी हवी, आणि रोज अंगावर ऊन हवं. बंद खिडकीतून मला आत येता येत नाही.”

कुंदाने डोळे पुसले. “मग गल्लीतल्या सगळ्या रेशमाचा रंग पक्का कर. मावशीचीही खिडकी उघडेल.”

“दिला! पण राणीच्या रेशमाची लड आत्ता उन्हात ठेव. सूर्य माथ्यावर येण्याआधी झाकलीस, की वर गेला.”

कुंदाने घरातून लाल लड बाहेर आणली. रंग उडाला तर आईचं कामच जाणार!

“कुंदे! अगं मेले, राणीसाहेबांचं रेशीम! आण आत!”

“आई, तू उतरू नकोस! पडशील!”

आई घाईने पायरी उतरली आणि तिचा तोल गेला. कुंदाने लड फेकून तिला कवेत धरलं. दोघी धपकन मातीत बसल्या. आईला उठवेना, कुंदाला तिला सोडवेना. लड लांब उन्हात पडली होती.

“गेलं गं सगळं,” आई पुटपुटली. तिच्या पांढऱ्याफटक हातांवर ऊन सांडत राहिलं.

सूर्य माथ्यावर आला. लड डाळिंबाच्या दाण्यासारखी लालचुटूक होती!

कुंदाने ती दारोदार दाखवली, आणि गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. सगुणामावशीला चौघांनी खाटेसकट अंगणात आणलं. बाया उन्हात बसून रेशीम गुंडाळू लागल्या. आईची हाडं हळूहळू भरली. राजवाड्याचा हुकूम रद्द व्हायला त्याहून जास्त वेळ लागला.

एके दिवशी आई एकटीच ताठ चालत बागेत आली. “कुठे गं तुझी परी?”

परी खुदकन हसली, आईच्या गालाला तिने पंख लावला आणि लख्ख उजेडात विरून गेली.