दसऱ्याचा रिकामा पाट

धुरपी दोरीवरून पडली ती नागपंचमीच्या दिवशी, भर बाजारात, अख्ख्या हिरवनगरासमोर. दहा वर्षांची पोर. उंच बांधलेल्या दोरीवरून ती अशी चालायची, जणू अंगणात फेरफटका मारतेय, आणि खाली तिचा बाप म्हादबा ढोलकी वाजवायचा. त्या दिवशी दोरीच तुटली. वैद्यानं हाड बसवलं, पण उजवा पाय वाकडा राहिला तो राहिलाच. दोरीवरची पोर जमिनीवर आली, आणि जमिनीवरचं तर तिला काहीच काम येत नव्हतं!

त्यात म्हादबाला खोकला जडला. ढोलकीवर दोन थापा मारल्या की दम लागायचा.

आता हिरवनगरची रीत ऐका. रीत कसली मेली, दुष्टपणाच तो! दसऱ्याला हत्यारांची पूजा आपणही करतो. सोनार पाटावर हातोडी मांडतो, शिंपी कात्री मांडतो, वर झेंडूची फुलं वाहतो. पण तिथं त्या दिवशी कोतवाल घरोघर फिरायचा. ज्याच्या पाटावर हत्यार नाही, किंवा ढोलकीसारखं हत्यार असून चालवून दाखवता येत नाही, त्याला धंदा नाही. आणि ज्याला धंदा नाही, त्यानं दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर जायचं. बाहेर रान, थंडी आणि लांडगे. खोकणारा म्हादबा तिथं दोन दिवस काढता तरी पुष्कळ होतं.

"माझी नको काळजी करूस, पोरी," म्हादबा म्हणायचा, आणि लगेच खोकत बसायचा. मग काळजी करायची नाही तर काय करायचं?

धुरपी काम शोधायला निघाली. सोनारानं विचारलं, "बिल्ला?" शिंप्यानं मान वर न करता विचारलं, "बिल्ला?" हिरवनगरात सात वर्षं गुरूच्या हाताखाली घासली की तांब्याचा बिल्ला मिळे. बिल्ला नाही तर काम नाही.

"मी भराभर शिकेन, काका," धुरपी म्हणाली.

"शीक की. सात वर्षांनी ये!" शिंपी हसला.

म्हातारे सोमाजी कुंभार तेवढे नीट बोलले. त्यांनी तिला बसायला घोंगडी दिली, गुळाचा खडा हातावर ठेवला. "बिनबिल्ल्याची पोर ठेवली तर माझंच चाक जप्त होईल गं, बाळा," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं, पण वाईट वाटून चूल पेटत नाही.

गावाच्या टोकाला राजाची जुनी बाग होती. राजा गेला, माळी गेले, पण फुलांना कोण सांगणार? ती आपली फुलत होती. निळी गोकर्ण, लालचुटुक जास्वंद, पिवळीधमक शेवंती, आणि मधे हिरव्या पाण्याचा हौद. धुरपी हौदाच्या काठावर रडायला बसली, तर पाण्यात एक इवलासा चतुर बुडताना दिसला. पंख भिजून चिकटलेले, पाय वळवळताहेत. धुरपी काठावर पालथी झाली. पायातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण तिनं जास्वंदीचं पान पुढं सरकवलं आणि त्याला अलगद बाहेर घेतलं.

पानावर चतुर नव्हताच! चिमणीएवढी परी होती. निळे-जांभळे झुळझुळीत पंख, केसांत पाण्याचे टपोरे थेंब, गालांवर सोनेरी चमचम.

"तीन इच्छा माग, धुरपे," परी पंख झटकत म्हणाली. "पण आधी नियम ऐक. मी नवं काही घडवत नाही. इथलं उचलते आणि तिथं ठेवते, एवढंच मला येतं."

"माझा पाय बरा कर!"

"करीन की. कुणाचा पाय उचलू?"

धुरपीच्या अंगावर काटा आला. "नको नको! पाय नको." मग ती विचार करकरून म्हणाली, "हुन्नर दे. हुन्नर शिकवला तर कमी थोडाच होतो? मला मडकी घडवता येऊ देत."

"नियम विसरू नकोस, बाळ," परी हळूच म्हणाली. पण धुरपी आनंदानं ऐकते कुठली!

घरी येऊन तिनं मातीचा गोळा हातात घेतला मात्र, बोटं आपोआप फिरली आणि बघता बघता सुबक मडकं उभं राहिलं. दसऱ्याला कोतवालापुढं बिल्ला नसला तरी चाले, काम करून दाखवलं की पुरे. आता दाखवता येणार होतं! "बा, आपण वाचलो!" धुरपी ओरडली, आणि मडकं घेऊन सोमाजींना दाखवायला लंगडत धावली.

सोमाजी चाकासमोर बसले होते. चाक फिरत होतं, पण माती हातातून निसटून कोसळत होती. एकदा, दोनदा, दहादा. "साठ वर्षं हे हात ठाऊक आहेत मला," ते धुरपीला म्हणाले, "आणि आज ते मला ओळखत नाहीत गं." आणि एवढा म्हातारा माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. धुरपीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातलं मडकं तिनं पदराखाली लपवलं.

ती तशीच बागेत गेली. "परत ठेव! त्यांचं त्यांना परत दे!"

"परत ठेवणं हीसुद्धा एक इच्छाच आहे. मग एकच उरेल."

"उरू दे!"

आणि धुरपीच्या बोटांतलं सगळं शहाणपण निघून गेलं. मग तिनं डोळे पुसत विचारलं, "परी, असं एखादं काम नाही का, की मी घेतलं तर दुसऱ्या कुणाच्या हातचं जाणार नाही?"

परीनं इवलासा पंख नदीकडं केला. "ती पैलपडवी दिसतेय? तिथलं काम कुणाच्याच हातात नाही. म्हणून मला ते देता येत नाही. उचलू कुठून? तुझं तुलाच शिकावं लागेल."

पैलपडवीचं नाव काढलं तरी हिरवनगरातली माणसं थुंकायची. जे बरं व्हायची आशा नाही, त्यांना तिथं चटईवर ठेवून येत. रोज सकाळी एक शिपाई नाकाला फडकं लावून दारात भाकरी आणि पाणी ठेवायचा आणि पळायचा. आत कुणी जात नसे. ज्याला उठता येत नाही, त्यानं ते पाणी नुसतं बघायचं.

धुरपी घरातला पितळी गडू आणि पळी घेऊन आत गेली. पहिल्या दिवशी वास सहन न होऊन बाहेर येऊन ओकली. दुसऱ्या दिवशी एका आजोबांना गडूनं पाणी पाजलं, तर त्यांना असा ठसका लागला की ती घाबरून रडली. पण गेली पुन्हा. हळूहळू तिला कळत गेलं. आधी माणसाला कुशीवर वळवायचं, ओठ भिजवायचे, मग एकच पळी द्यायची, आणि घसा हलेपर्यंत थांबायचं. बोलणाऱ्याचं ऐकायचं, न बोलणाऱ्याचा हात धरायचा. माणसं मरतच होती, ते काही थांबलं नाही. पण आता एकटी मरत नव्हती.

कोपऱ्यात गजराआजी होती. ती रोज विचारायची, "माझा रंगा आला का गं?"

"येईल, आजी," धुरपी म्हणायची. रंगा कोण, कुठला, तिला काय ठाऊक!

दसरा उजाडला. धुरपीनं ठरवलं होतं, पडवीतून गडू आणायचा आणि पाटावर मांडायचा. कोतवाल हसलाच, तर शेवटची इच्छा हाताशी होतीच. पण पडवीत पाऊल टाकलं तर गजराआजीला घरघर लागलेली, डोळे दाराकडं. "रंगा... आला का?"

धुरपीला आज "येईल" म्हणवेना. आजीच्या उशाशी परी बसली होती, पंख मिटून.

"एकच इच्छा उरलीय, धुरपे. घरी बा वाट बघतोय."

"माहितेय गं मला!" धुरपी एवढ्या जोरात ओरडली की तिचं तिलाच रडू फुटलं. खूप वेळ ती आजीचा हात धरून रडली. बापाला वेशीबाहेर काढतील, हे तिला दिसत होतं. आणि आजीचे डोळेही दिसत होते. शेवटी ती म्हणाली, "आजीच्या रंगाला आण. असेल तिथून उचल आणि इथं ठेव."

"पोरी," परी म्हणाली, आणि तिनं धुरपीच्या ओल्या गालाला चिमुकला हात लावला. मग पंख उघडले. निळा, जांभळा, सोनेरी उजेड पडवीभर पसरला, चटयांवरच्या सुकलेल्या चेहऱ्यांवर क्षणभर रंग चढले. उजेड विरला तेव्हा परी नव्हती.

तिथं कोतवाल उभा होता! भरजरी फेटा, आणि कुणाची तरी कडी वाजवायला उचललेला हात तसाच वर. आजीचा रंगा म्हणजे हाच रंगराव कोतवाल, तिचा मुलगा. ऐन पावसाळ्यात आईला इथं ठेवून "उद्या येतो" म्हणून गेला होता. रोग लागेल या भीतीनं त्याचा उद्या काही उजाडला नव्हता. त्यानं फेट्याचा शेव नाकाला लावला. मग आईकडं पाहिलं, आणि शेव हातातून सुटला.

"आलास?" आजी म्हणाली. "जेवलास का रे?"

रंगराव चटईशी बसला. त्यानं घाईघाईनं गडू उचलून आईच्या तोंडाला लावला.

"असं नाही, काका, ठसका लागेल!" धुरपीनं त्याचा हात धरला. "आधी कुशीवर घ्या. ओठ भिजवा. आता एक पळी. थांबा... घसा हलू दे."

आजीनं तीन पळ्या पाणी घेतलं, लेकाचा अंगठा मुठीत धरला, आणि शांतपणे गेली.

आईचे डोळे मिटून रंगरावानं विचारलं, "कुणाकडं शिकलीस?"

"इथंच."

"बिल्ला आहे?"

"नाही. आणि घरी पाटही रिकामाच आहे. गडू इथं लागत होता."

दुपारी हिरवनगरानं एक नवल पाहिलं. पुढं धुरपी, लंगडत, आणि मागं अनवाणी कोतवाल, हातात साधा पितळी गडू. म्हादबा गाठोडं बांधून रिकाम्या पाटाशी बसला होता. कोतवालानं पाटावर गडू ठेवला, त्यात पळी ठेवली, वर झेंडूचं फूल वाहिलं.

"काम करून दाखवू का?" धुरपीनं भीत भीत विचारलं.

"मला दाखवलंस," कोतवाल म्हणाला, आणि त्यानं गडूला हात जोडले.

म्हादबानं गाठोडं सोडलं. माघात खोकल्यानं त्याला नेलंच. परीकथा झाली म्हणून काय सगळंच टळतं? पण तो वेशीबाहेर नाही गेला. आपल्या घरात, आपल्या गोधडीत गेला, आणि शेवटच्या पळीनंतर धुरपी त्याचा हात धरून होती. धुरपीनं ते काम आणखी कितीजणांना शिकवलं, आणि हिरवनगरात पुढं कुणीच एकटं गेलं नाही. तुमच्या-आमच्या गावातही कुणी न जावो, एवढं मागते आणि गोष्ट खाली ठेवते.