अकरा वेळा सॉरी

एका तालुक्याच्या गावी इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक राहत असत. शब्दांची मुळे शोधण्यात त्यांचे वार्धक्य शांतपणे चालले होते. एका सकाळी जालिंदर नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी त्यांच्याकडे आला. तो विजेच्या कामावर लाइनमन होता. चार महिन्यांपूर्वी त्याचा सहकारी भागवत खांबावर दुरुस्ती करत असताना जालिंदरने वीजपुरवठा सुरू केला होता. भागवत जागीच गेला. चौकशी झाली, जालिंदर निर्दोष सुटला. पण तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"गुरुजी, भागवतच्या बायकोला पत्र लिहिलंय," तो म्हणाला. "दोनदा तिच्या दारात जाऊन आलो. सॉरी म्हटलं की ती दार लावून घेते. भाषा जरा नीट करून द्या."

गुरुजींनी पत्र वाचले. मग लाल पेन घेऊन त्यांनी त्यातला एकेक 'सॉरी' खोडला. अकरा होते. दुसऱ्या कुठल्याच शब्दाला त्यांनी हात लावला नाही.

"आता मोठ्याने वाच."

जालिंदर वाचू लागला. "सुलभावहिनी, त्या दिवशी फोन लागत नव्हता. साहेबांची सारखी घाई होती. भागवतने उतरल्याचा इशारा केला होता. मलाही दोन मुली आहेत. मला रात्ररात्र झोप..." तो थांबला. पुढच्या ओळीही तशाच होत्या. त्याचे कान तापले.

"हे तर सगळं माझ्याबद्दलच आहे, गुरुजी."

गुरुजींनी पेन खाली ठेवले. मग म्हणाले, "जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे वेदना, ठसठसणारी जखम. तीच ज्याच्या मनाला झाली, तो सॉरी. म्हणून इंग्रज माणूस मयताच्या घरीही हाच शब्द बोलतो. तिथे त्याचा अपराध नसतो. मलाही दुखतंय, एवढंच तो सांगतो. पुढे शब्द झिजला. धक्का लागला की सॉरी, फोनवर ऐकू आलं नाही की सॉरी. आपल्याकडे आला तो झिजूनच. उच्चारला की विषय संपतो. तू तुझी जखम घेऊन तिच्याकडे गेलास, पण तिनेच पट्टी बांधावी म्हणून. जिचं सगळं गेलं, तिने."

"मग माफी मागू तरी कशी?"

"या शब्दात माफी नाही, बाळ. माफी तिच्याजवळ आहे. आणि बहुधा ती देणार नाही."

जालिंदर त्याच दुपारी सुलभाच्या दारात उभा राहिला. पत्र त्याने दिले नाही.

"वहिनी, सप्लाय मी सोडला. भागवत उतरला की नाही, ते मी पाहिलं नाही. पाहायला दोन मिनिटं लागली असती."

या वेळी दार लागले नाही. "चौकशीत तर तुम्ही म्हणालात, त्यांनी इशारा केला. गावभर झालं, चूक त्यांचीच होती. माझ्या पोराला शाळेत हेच ऐकावं लागतं."

"खोटं बोललो होतो."

"साहेबांपुढे बोलाल हे?"

जालिंदरच्या डोळ्यांसमोर नोकरी आली, मुली आल्या. "बोलेन," तो म्हणाला.

सुलभा त्याच्याकडे पाहत राहिली. "बोला. ते काही परत यायचे नाहीत. तुम्हीही पुन्हा येऊ नका." आणि तिने दार लोटून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत जाऊन लेखी जबाब दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि त्याला घरी जायला सांगितले. पुढे काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होते. जालिंदर घरी न जाता गुरुजींकडे आला.

"हलकं वाटलं?" गुरुजींनी विचारले.

"नाही. जास्तच दुखतंय."

गुरुजींनी मान हलवली. बाकावरची पुस्तके उचलून त्यांनी त्याला बसायला जागा करून दिली.