लेन्स ठरेपर्यंत

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे लेन्सविषयी सल्ला विचारायला गेला. लेन्स म्हणजे चष्म्याची नव्हे, कॅमेऱ्याची. आणि गुरू म्हणजे दाढी वाढवून झाडाखाली बसलेले कुणी साधुपुरुष नव्हेत, तर नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी पन्नास वर्षं फोटो स्टुडिओ चालवणारे एक वृद्ध गृहस्थ. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे. शिष्याचं नाव दिगंबर. वय तेहेतीस, हायस्कुलात चित्रकलेचा शिक्षक. दर रविवारी तो अण्णांकडे छायाचित्रण शिकायला येई.

दिगंबरनं नुकताच डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतला होता. कॅमेऱ्यासोबत एक साधी लेन्स मिळते, ती होतीच. पण जाणकार लोक तिला नाकं मुरडतात असं त्यानं वाचलं होतं. त्याला चांगली ‘स्टँडर्ड झूम’ हवी होती. घरातली माणसं, अंगण, सणवार, असं रोजचं सारं जिच्यात मावतं ती ही लेन्स. तिचे तीन प्रकार त्याच्या नजरेत भरले होते. एक हलकी, पण चित्राच्या कडा किंचित पुसट काढणारी. दुसरी कमी उजेडातही काम करणारी, पण हाताला चांगलीच जड. तिसरी लांबचंही ओढून आणणारी, मात्र उजेड भरपूर मागणारी. यातली कुठली घ्यावी, या प्रश्नानं त्याला भंडावून सोडलं होतं.

“अण्णा, आता तुम्हीच काय ते सांगा,” तो म्हणाला.

अण्णांनी विचारलं, “पहिला फोटो कुणाचा काढणार?”

“आईचा. तिला कबूल केलंय.”

“मग आहे त्या लेन्सनं आज संध्याकाळी काढ आणि रविवारी घेऊन ये. तो बघतो आणि तुला काय लागेल ते सांगतो.”

दिगंबरनं मान डोलावली, पण मनातून तो हिरमुसला. म्हाताऱ्याला डिजिटलमधलं काही कळत नाही, म्हणून वेळ मारून नेतोय, असं त्याला वाटलं. तुमचं-आमचं तरी काय वेगळं असतं? उत्तर सोपं मिळालं, की ते देणाऱ्याच्या ज्ञानाविषयीच आपल्याला शंका येते.

आता त्याच्या आईविषयी. हौसाबाईंची इच्छा काही फार मोठी नव्हती. त्यांचे पती सात वर्षांपूर्वी वारले, तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडला नाही. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून भिंतीवर लावला. त्याच्याकडे बघून हौसाबाई म्हणत, “बघ की रे दिगू, पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. एवढा हसरा माणूस! माझं तसं करू नकोस बाबा. मी धडधाकट आहे तोवर एक नीट काढून ठेव.”

“काहीतरीच काय बोलतेस, आई! लेन्स येऊ दे. असा काढतो, की बघत राहशील.”

दसऱ्याला त्या जांभळी इरकल नेसून ओसरीवर येऊन बसल्या. लेन्स ठरली नव्हती. संक्रांतीला पुन्हा नेसल्या. तेव्हा कुठे तीनातली एक बाद होऊन गाडी दोनांवर आली होती. “राहू दे. तुझं यायचं तेव्हा येऊ दे,” असं म्हणत त्यांनी ती साडी घडी घालून पेटीत ठेवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दिगंबरला पुढं फार वाटलं.

तो आळशी होता, असं मात्र कुणी समजू नये. त्यानं कष्ट घेतले ते भलत्याच ठिकाणी. जिल्ह्याच्या गावच्या ओळखीच्या फोटोग्राफरांकडून त्यानं त्या तिन्ही लेन्सा पाळीपाळीनं चार-चार दिवसांसाठी मागून आणल्या. वर्तमानपत्राचं पान समोर धरायचं, प्रत्येक लेन्सनं त्याचे फोटो काढायचे, आणि मग संगणकावर ते मोठे करून कोपऱ्यातली अक्षरं कुठल्या लेन्समध्ये ठसठशीत येतात ते ताडून पाहायचं. अशा सहाशेवर चाचण्या त्यानं केल्या. अण्णांनी दर रविवारी विचारावं, “आईचा फोटो आणलास का?” आणि यानं म्हणावं, “येतोच आहे, अण्णा.”

चैत्रात एका सकाळी हौसाबाई चहाचं आधण ठेवता ठेवता मटकन खाली बसल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. लेन्स तेव्हाही ठरलेली नव्हती.

नवव्या दिवशी दिगंबर अण्णांच्या स्टुडिओपुढे येऊन उभा राहिला. सुतक होतं, म्हणून पायरी चढेना. त्याच्या हातात चुलतभावाच्या लग्नातला एक समूहफोटो होता. दुसऱ्या रांगेत हौसाबाई होत्या. पुढच्या पाहुण्याच्या फेट्यानं त्यांचा अर्धा चेहरा झाकला होता.

“अण्णा, यातून आई काढता येईल का? तेराव्याला फोटो लागेल. नाहीतर ओळखपत्रावरचा...” स्वतःच्या आईचा फोटो नसलेला फोटोग्राफर! शरमेनं त्याची मान वर होत नव्हती.

“आधी आत ये,” अण्णा म्हणाले. “मला सुतकाबितकाचं काही नाही. तुझ्या कॅमेऱ्यातलं सगळं घेऊन ये.”

“त्यात आई नाही, अण्णा. नुसत्या चाचण्या आहेत.”

“असू देत. आण.”

त्यानं आणून दिलं. अण्णांनी चष्मा पुसला आणि पहिल्यापासून एकेक चित्र पाहायला सुरुवात केली. वर्तमानपत्र. वर्तमानपत्र. पुन्हा वर्तमानपत्र. दिगंबर शेजारी अवघडून बसला होता. विसाव्या की पंचविसाव्या चित्राला अण्णांनी बोट संगणकाच्या पडद्यावर टेकवलं. पानाच्या दोन्ही कडांना बोटं होती. बांगड्या नव्हत्या. मनगटात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक ताईत तेवढा होता, आणि डाव्या अंगठ्यावर विळीनं कापल्याचा जुना वण.

“हे पान कुणी धरलंय?” अण्णांनी विचारलं.

दिगंबरला तेव्हा आठवलं. घरच्या भिंतीचे पोपडे निघालेले, पान सपाट बसेना. आईच म्हणाली होती, “आण इकडं, मी धरते.” स्वयंपाकघराच्या दारात उजेड चांगला, म्हणून ती तिथं स्टुलावर बसायची. सहाशे चित्रांमध्ये ती होती. पानाच्या मागे होती.

अण्णा पुढे पाहत गेले. सहा-सात चित्रं झाली, की पान थोडं खाली आलेलं दिसे, आणि त्यापुढच्या चित्रात पुन्हा वर. “ती दमायची,” दिगंबर म्हणाला. “मी ओरडायचो, वर धर, हलू नकोस. ती धरायची वर. मी तिच्याकडं बघत नव्हतो, अण्णा. मी अक्षरं बघत होतो.”

दुपार कलली. पाचशेच्या पुढच्या कुठल्याशा एका चित्रात पान नाकापर्यंत खाली आलं होतं, आणि वरून हौसाबाई बघत होत्या. हसत होत्या. ‘झालं का रे?’ असं विचारणारे डोळे. पानावरच्या मथळ्याचं अक्षर न् अक्षर लख्ख होतं. नेम त्याच्यावरच धरलेला. मागचा चेहरा मात्र पुसट आला होता. दिगंबरनं तोंडावर हात घेतला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. अण्णांनी त्याला रडू दिलं.

मग अण्णांनी जे केलं त्याचं दिगंबरला नवल वाटलं. त्यांनी ते चित्र जसंच्या तसं मोठं छापलं. वर्तमानपत्र कापलं नाही, चेहरा ठळक करण्याची काही युक्ती केली नाही.

“अण्णा, निदान पान तरी कापा,” तो कळवळून म्हणाला. “बातम्या स्वच्छ आणि आई पुसट. लोक काय म्हणतील?”

“लोकांना म्हणू दे. तू जे पाहिलंस तेच यात आलंय. ते मी कापलं, तर तुझ्या आईनं इतके दिवस जे धरून ठेवलं तेही जाईल.” अण्णांनी छापलेलं चित्र त्याच्या हातात दिलं. “दिगंबर, दूरचा पक्षी टिपायचा असला की माणूस पहाटे उठतो, चिखलात बसतो. पक्ष्याला कुणी सांगत नाही, की बाबा, माझी तयारी होईपर्यंत बसून राहा. तो उडेल हे आपल्याला ठाऊक असतं. घरचं माणूस चार पावलांवर असतं. ते कुठं जातंय, असं म्हणून आपण त्यालाच ताटकळत ठेवतो. तू घ्यायला निघालास ती लेन्स याच चार पावलांसाठी बनवलेली आहे. तिन्हीही चांगल्या होत्या. तुझ्याकडची होती तीही चांगलीच होती.”

अण्णा पुढे बोलले, आणि आता त्यांचा आवाज गुरूचा राहिला नव्हता. “आणि सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. माघात हौसाबाई मला बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, अण्णा, तुम्हीच काढा की माझा एक, पोराचं काही खरं नाही. मी म्हणालो, छे छे, त्यालाच काढू द्या, शिष्याचा मान आहे तो. कॅमेरा माझ्या खांद्यालाच होता. मोठेपणा नडला मला. पन्नास वर्षं या धंद्यात काढून मला तेवढं कळलं नाही.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

निघताना अण्णांनी सहज विचारावं तसं विचारलं, “हे चित्र त्यातल्या कुठल्या लेन्सनं निघालंय?”

दिगंबरनं आठवून पाहिलं. आठवेना. लेन्सची नोंद चित्रासोबतच असते; संगणकाला विचारलं असतं तर त्यानं एका क्षणात सांगितलं असतं. पण ते विचारावं असं त्याला वाटलं नाही.

तेराव्याला तो फोटो पाटावर मांडला. एकदोघे पाहुणे कुजबुजले, की हा पेपर कशाला मध्ये, दुसरा फोटो नव्हता का? हौसाबाईंची धाकटी बहीण मात्र फोटोपुढं बसली आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, “कंटाळली की अशीच बघायची गं बाई माझी. बोलायची नाही, नुसती बघायची.”

जेवणं उरकली. मावशीला दुपारची एसटी गाठायची होती. तिनं पिशवी उचलली, तसा दिगंबर कॅमेरा घेऊन आला. “मावशी, दोन मिनिटं बस. तुझा एक फोटो काढतो.”

“आज? अरे, काय हे! आज का फोटो काढायचा दिवस आहे? डोळे बघ कसे सुजलेत. साडी चुरगळलीय. दिवाळीला येईन तेव्हा चांगली नटूनथटून बसते की तुझ्यापुढं.”

“नको. आत्ताच.”

त्याच्या आवाजात असं काही होतं, की मावशीनं पिशवी खाली ठेवली आणि ओसरीवर टेकली. तो मुंडण केलेल्या डोक्यानं तिच्यासमोर जमिनीवर बसला. कॅमेऱ्याला पहिल्यापासूनची साधी लेन्स लावलेली होती.

“हसू का रे?” मावशीनं संकोचून विचारलं.

“तुला वाटेल तसं बस,” तो म्हणाला. अक्षरं, कडा, कोपरे असलं काही त्यानं पाहिलं नाही. तो मावशीकडे पाहत राहिला. डोळ्यांत पाणी दाटल्यामुळं तीही त्याला नीट दिसत नव्हती. बटण मात्र त्यानं दाबलं.

वाचकहो, तुमच्या घरात कुणी ‘माझा एक फोटो काढ रे’ असं कधी म्हणालं असेल, तर आधी उठा. या गोष्टीचा विचार नंतर केला तरी चालेल.