मैदानाचा हिरवा भाग

“मग मेलं कशानं?” रेगेबाईंनी विचारलं.

याच प्रश्नानं वैदर्भीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. शाळेच्या मैदानातलं गवत गोल चट्ट्यांनी वाळत चाललं होतं. दिवाळीपर्यंत सावरलं नाही, तर संस्था तिथे फरशी घालणार होती. मैदानाची जबाबदारी वैदर्भीची. त्यात तिची लेक जुई याच गवतावर पाऊल टाकायला शिकलेली.

कृषी महाविद्यालयातल्या आपल्या जुन्या बाईंना, रेगेबाईंना, तिनं बोलावलं खरं, पण उत्तर आपल्यापाशीच तयार ठेवून. मुळं खाणारे दोऱ्यासारखे बारीक जंत, सूत्रकृमी, नाहीत, हे तिनं ठासून सांगितलं. माती तपासून घेतली होती, काही निघालं नव्हतं. नुसती तहान आहे. म्हणून ती रोज पाणी देत होती, वर खत. जुईला भरवावं तसं. एक घास कमी पडला, तर आई म्हणून आपणच नापास.

“माती कुठली घेतलीस?”

“मेलेल्या चट्ट्यातली. अगदी मधली.”

“तिथे ते काय खात बसले असते?”



बाई चट्टा ओलांडून गेल्या. पिवळी कडही ओलांडली. सगळ्यांत हिरव्या जागी, जुई फतकल मारून बसली होती तिथे, थांबल्या. हा भाग तरी वाचलाय, असं वैदर्भी मागून म्हणत होती.

बाईंनी वाकून मूठभर गवत धरलं आणि नुसतं वर उचललं.

सतरंजीचं टोक उचलावं तसं ते आलं. वीतभर असायची ती मुळं नखाएवढी उरली होती. टोकं काळी, मधेमधे गाठी.

बाई सांगत गेल्या. सूत्रकृमींच्या काही जाती बाहेरूनच मुळाचं टोक टोचतात, काही आत शिरून बिऱ्हाड थाटतात. मग त्याच जखमांतून बुरशी येते. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. रोज पाणी मिळालं, की वरचं पातं हिरवंच राहतं.

“पण हे हिरवं आहे, बाई.”

“हो.”

“वाचेल ना?”

बाईंनी गवत पुन्हा जागेवर ठेवलं. वरून थोपटलं.

जुई केव्हाची बघत होती.

“आजी, हे मेलंय?”

बाईंनी मान डोलावली.

“मग त्याला कुणी सांगितलं नाही?”

हातांची माती झटकत बाई म्हणाल्या,

“आई पाणी घालतेय ना अजून.”