समाधानाची घंटा

फार पूर्वी एका घाटाच्या पायथ्याशी एक सराईवाला आणि त्याची बायको राहत असत. त्यांची सराई म्हणजे वाटसरूंना मुक्कामाला उतरायची साधी जागा. सारवलेली ओसरी, बैलांना गोठा, चुलीवरची गरम भाकरी आणि परसात उंबराखाली एक विहीर. या सराईवरच दोघांचं पोट होतं.

सराईवाला स्वभावाने फार काळजी करणारा. पाहुणा निघाला की तो फाटकापर्यंत मागे मागे जाई आणि विचारी, "काही कमी पडलं नाही ना?"

"छे हो, अगदी घरच्यासारखं वाटलं," पाहुणा म्हणे.

तरी त्याच्या मनाची खात्री पटत नसे. शेवटी त्याने फाटकात एक पितळी घंटा टांगली आणि सगळ्यांना सांगितलं, "समाधान झालं असेल, तर जाताना ही वाजवा."

घंटा पहिल्या दिवसापासून वाजू लागली. व्यापारी वाजवीत, यात्रेकरू वाजवीत, लेकुरवाळ्या बाया पोरांना उचलून त्यांच्या हातांनी वाजवीत. तो आवाज दरीत घुमला की सराईवाल्याच्या जिवाला थोडी स्वस्थता मिळे. त्याचं पाहून घाटातल्या इतर सराईवाल्यांनीही आपापल्या दारात घंटा टांगल्या.

सराईवाला दर उन्हाळ्यात विहीर उपसून गाळ काढत असे. त्या उन्हाळ्यात बायको म्हणाली, "अहो, विहीर उपसायची राहिली. तळाशी उंबरं कुजली असतील."

"लोक घंटा वाजवताहेत ना? मग या वर्षी राहू दे."

पुढच्या वर्षीही ते राहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी बायकोने विषयच काढला नाही. पाण्याला वास हळूहळू लागत गेला. रोज तेच पाणी पिणाऱ्या त्या दोघांना तो कळलाच नाही.

एकदा एक फटकळ म्हातारी मुक्कामाला आली. सकाळी ती गाठोडं उचलून घंटेखालून तशीच निघाली.

"आजी, घंटा नाही वाजवलीत?"

"कशाला वाजवू? पाणी वास मारतंय तुझं. आधी विहीर बघ."

सराईवाल्याचा चेहरा पडला. ओसरीवरच्या पाहुण्यांनी लगेच त्याची बाजू घेतली. "अहो, म्हातारीचं तोंडच कडू झालं असेल! पाणी तर अमृत आहे."

सराईवाल्याला धीर आला. "ऐकलंत ना आजी? आजवर सगळ्यांनी घंटा वाजवलीय."

"घंटा काय, माकडसुद्धा वाजवतं," म्हातारी म्हणाली.

सगळे हसले. सराईवाला मात्र संतापला. "पुन्हा या दारात येऊ नका," असं म्हणून त्याने फाटक लावून घेतलं. म्हातारीचं ऐकावं की बाकीच्यांचं, हे ठरवायची वेळ आली होती, आणि त्याने जे गोड लागलं ते ऐकलं.

हळूहळू सराई रिकामी पडू लागली. त्याने भिंतींना चुना दिला, नव्या चटया आणल्या, ताटात गुळाचा खडा ठेवला. जे येत, ते घंटा वाजवूनच जात. पण एकदा गेलेला माणूस परत येत नसे.

घाटमाथ्यावर एक जुनी चिंच होती. चढून आलेले आणि उतरायला निघालेले वाटसरू तिथे बैल सोडून विसावा घेत. पुढचा मुक्काम कुठे करायचा, हे तिथेच एकमेकांना विचारून ठरे. एके दिवशी सराईवाला डोक्यावरून घोंगडं घेऊन त्या चिंचेखाली जाऊन बसला.

थोड्या वेळाने त्याच्याच सराईतून निघालेला एक व्यापारी वर आला. त्या सकाळी त्याने घंटा दोनदा वाजवली होती. उतरणाऱ्या एका गाडीवानाने त्याला विचारलं, "खाली मुक्कामाला जागा कशी आहे?"

"माणूस देवासारखा आहे हो. पण पाणी तोंडात धरवत नाही. तिथे थांबू नका, सरळ पुढे जा."

"मग त्याला सांगितलं नाहीत?"

"त्याच्या तोंडावर कसं सांगणार? बिचारा हात जोडून उभा असतो."

सराईवाला धावतच घरी आला. नवरा-बायकोने मिळून विहीर उपसली. काळा गाळ निघाला, त्याचा परसभर वास सुटला. काही दिवसांनी नितळ पाणी आलं. मग तो चिंचेखाली जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "पाणी आता गोड झालंय. एक घोट पिऊन तरी बघा."

लोक मान डोलवत. "वा, छान झालं. पुढच्या खेपेला नक्की येऊ," असं म्हणत आणि सराईवरून पुढे निघून जात. नितळ पाणी विहिरीत तसंच राहिलं.

शेवटी सराईला कुलूप लागलं. नवरा-बायको लांबच्या गावी लेकीकडे निघाले. वाटेत मुक्काम पडला तो एका तरुण विधवेच्या नव्या सराईत. तिच्या दारातही घंटा होती. तिने मनापासून वाढलं, पण आमटीला धुराचा वास होता आणि अंथरुणाला ओल होती.

सकाळी ती फाटकापर्यंत आली. "बाबा, काही कमी पडलं नाही ना? मी एकटीच आहे. चुकलं असेल तर सांगा."

बायकोने सराईवाल्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं. बाईचे हात जोडलेले होते आणि डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते.

"काही कमी नाही, पोरी. घरच्यासारखं वाटलं," तो म्हणाला आणि त्याने घंटा वाजवली.

थोडं अंतर गेल्यावर बायको म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

समोरून एक थकलेलं कुटुंब येत होतं. त्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "भाऊ, पुढे ती नवी सराई लागते, तिथे उतरावं का?"

सराईवाल्याने मागे वळून पाहिलं. घंटेचं पितळ उन्हात चमकत होतं.

"नका उतरू," तो हळू आवाजात म्हणाला. "पुढच्या गावी जा."

तात्पर्य: आपल्या दारातून नाराज होऊन जाणारा माणूस बहुधा गोड बोलूनच जातो, म्हणून खरं बोलणाऱ्याला दाराबाहेर काढू नये. पण एवढं कळलं म्हणून आपण स्वतः दुसऱ्याच्या दारात खरं बोलू, असं मात्र खात्रीने सांगता येत नाही.