ठमाबाईचा कडूकंद

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीवाट फुटायच्याही आधी, वाघजाळी गावाला जायचं तर झाडांच्या मुळ्या धरून कडा चढावा लागायचा. त्या गावात ठमाबाई नावाची बाई राहायची. तिचा नवरा कड्यावर मध काढायला गेला आणि खाली पडून गेला. मागं राहिली एकुलती एक पोर, बुधी. दोघींचं बरं चाललं होतं. मग पाऊस रुसला.

पहिल्या वर्षी नाचणी उभी करपली. दुसऱ्या वर्षी पेरायला दाणाच नव्हता. लोकांनी उंबराच्या साली उकडून खाल्ल्या. मुंग्यांची वारुळं उकरली आणि त्यांनी साठवलेलं गवताचं बी वेचून त्याची पेज केली. असं म्हणतात, त्या साली मुंग्यासुद्धा गाव सोडून गेल्या.

रानात एकच गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे कडूकंद. पण त्याला रानडुक्करही तोंड लावत नसे. खाल्ला की जीभ सुजायची, माणूस बरळायला लागायचा आणि तसाच मरायचा. ठमाबाई त्या कंदांकडे बघत बसायची. तिच्या मनात आलं, कपड्याचा मळ पाण्यात जातो, मग ह्याचं विष का जाणार नाही?

कड्याच्या पोटात एक झरा तेवढा आटला नव्हता. ठमाबाईनं कंदाचे पातळ काप केले, राखेच्या पाण्यात उकडले, पाटीत भरले आणि ती पाटी झऱ्याच्या धारेत ठेवली. मग एक काप काढून स्वतःच्या जिभेवर ठेवला. तिचे ओठ भाकरीसारखे फुगले. बरं वाटल्यावर तिनं पुन्हा तेच केलं. कधी राख वाढवली, कधी पाटी जास्त वेळ पाण्यात ठेवली, आणि दर वेळी काप स्वतःच चाखला.

शेजारची कासाबाई म्हणाली, "ठमे, मरशील गं अशानं. पोरीनं मग कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

"नाही खाल्लं तरी मरायचंच हाय," ठमाबाई म्हणाली. तिची जीभ इतकी भाजली होती की तिला मीठ कळेना, मिरची कळेना. घशातली खाज तेवढी कळायची.

एका सकाळी ती खाजही जवळजवळ गेली. आणखी एक रात्र पाटी पाण्यात राहिली की काम झालं, असं तिला वाटलं. ती धावतच घरी आली. बुधी चुलीजवळ पडली होती. तिला उठून बसवेना.

"आये, झालं का?"

"झालंच म्हण. उद्या देते. पोट फुटेस्तोवर खा."

"पाटी कुठंय?"

"झऱ्यात."

एवढं सांगून ठमाबाई घरोघर निघाली. दार दिसेल तिथं सांगत सुटली, उद्या खायला मिळेल, आजचा दिवस जीव धरून ठेवा. कितीतरी दिवसांनी लोक हसले. ती परत आली तेव्हा चुलीजवळ कोणी नव्हतं.

बुधी झऱ्याच्या कडेला सापडली. रांगत गेली असावी, गुडघे सोलले होते. हात पाटीतच होता. ठमाबाईनं तिला मांडीवर घेतलं, तिच्या घशात बोटं घातली, पाणी पाजलं.

"आये," पोर म्हणाली, "गोड लागलं गं."

त्यानंतर ती बोलली नाही.

दुसऱ्या सकाळी ठमाबाईनं पाटीतल्या उरलेल्या कापांतला एक चघळला. जीभ सुजली नाही, घसा खाजला नाही. विष उतरलं होतं. तिनं तिथंच खड्डा करून पोरीला पुरलं, पाटी डोक्यावर घेतली आणि गावाला खाऊ घातलं.

पोटात अन्न गेलं तशा जिभा चालू लागल्या. "आधी पोरीवर करून बघितलं म्हणं," कुणीतरी बोललं. एके दिवशी पंगतीत तेच कासाबाईच्या तोंडून आलं, तेही हातात ठमाबाईनं वाढलेला घास असताना. ठमाबाईनं ऐकलं आणि ती पुढच्या पानावर वाढायला सरकली. बोलणं खोटं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण पाटी झऱ्यात आहे हे पोरीला सांगितलं कुणी?

उन्हाळा चढला आणि रानातले कंदही संपले. कुठंच हिरवं पान उरलं नाही. फक्त बुधीला पुरलं होतं तिथं एक वेल वर आला आणि पसरतच गेला. कडूकंदाचाच वेल होता. लोक पहारी घेऊन आले. पुढं गावचा कारभारी धावजी होता.

"ठमे, बाजूला हो. पोरं मरत्यात."

ठमाबाई त्या मातीवर पालथी पडली. तिला ओढायची हिंमत कुणाला झाली नाही. पण वाडीतून पोरांचं रडणं ऐकू येत होतं. दिवस कलला तेव्हा ती आपणहून उठली.

"लोखंड लावू नका," ती म्हणाली. "मी हातानं काढते."

तिनं नखांनी माती उकरली. असं म्हणतात, एक कंद निघाला की त्याखाली दुसरा लागायचा, आणि पाऊस येईपर्यंत ते संपले नाहीत. त्यांना राख लागली नाही, झऱ्याचं पाणी लागलं नाही. उकडले की रताळ्यासारखे गोड लागायचे. सगळ्या गावानं खाल्ले. ठमाबाईनं घासही घेतला नाही.

पुढं पाऊस आला, नाचणी आली. नव्या नाचणीची भाकरी घेऊन कासाबाई तिला शोधत झऱ्यावर गेली. ठमाबाई वेलाला टेकून बसली होती. अंग गार पडलं होतं. तिच्या तोंडात माती होती, असं म्हणतात. कासाबाईनं बुधीला पुरलेल्या मातीवर डोकं आपटून घेतलं. पण आता ते कुणासाठी?

वाघजाळीत आजही वैशाखाच्या अमावास्येला नाचणीची भाकरी भाजत नाहीत. त्या दिवशी घरोघर कडूकंद शिजतो, बिनमिठाचा. लांबून वाट वाकडी करून कुणी तो चाखायला आलं, तर त्यालाही पानावर बसवतात. मात्र लगेच खाऊ देत नाहीत. घरातली बाई एका हातानं आपल्या लेकराचं मनगट धरते, दुसऱ्या हातानं पाहुण्याचं. तिची सासू पहिला घास खाते आणि मोठ्यानं म्हणते, "ठमाबाईनं आधी स्वतः खाल्लं." गाव हे दर वर्षी म्हणतं. मग सगळे सासूच्या तोंडाकडे बघत बसतात. लेकरं भुकेनं रडतात, हात ओढून बघतात. सासू मान हलवेपर्यंत वाघजाळीतली कुठलीच आई मनगट सोडत नाही.